पुन्हा एकदा बनवाबनवी

परवा कॅन्टीनमध्ये आमच्या टीममधल्या एका पोराने विचारलं, ‘सर, वीकेंडला काय बघताय?’

‘अशी ही बनवाबनवी,’ मी म्हटलं.

‘पुन्हा?’

त्या ‘पुन्हा’मध्ये आदर कमी आणि काळजी जास्त होती. त्याचंही बरोबर आहे म्हणा. त्याच्या मोबाइलवर चार ओटीटी, वॉचलिस्टमध्ये पन्नासेक नावं आणि त्यातलं काय बघायचं हे ठरवता ठरवता शनिवारची रात्र खल्लास. मला ते टेन्शन नाही. मी आपला ठरलेला सिनेमा लावतो, ठरलेल्या जागी हसतो आणि झोपतो.

पण ते ‘पुन्हा’ डोक्यात राहिलं. शेवट माहीत, जोक पाठ, पुढच्या सेकंदाला लक्ष्याच्या चेहऱ्यावर काय होणार हेही ठाऊक. मग कशाला बघायचं? डायलॉग पाठ आहेत म्हणून? ते तर न बघण्याचं कारण झालं! माझ्याकडे याचं एक उत्तर आहे. फक्त त्यासाठी तुम्हाला माझ्याबरोबर नागोठण्याला यावं लागेल.

नागोठणं म्हणजे आमचं गाव. तालुका रोहा, जिल्हा रायगड. गोव्याला जाताना तुम्ही ते नक्की पाहिलेलं नाही, कारण वडखळच्या ट्रॅफिकने वैतागून तुम्हाला नेमकी तेव्हाच झोप लागलेली असते. अंबा नदी, जुना दगडी पूल, हायवे, एसटी स्टँड आणि गावाबाहेर पेट्रोकेमिकलचा कारखाना. आयपीसीएल असताना तो सरकारी होता, २००२ मध्ये रिलायन्सकडे गेला. मी लहान होतो तेव्हा या कारखान्याच्या कामाला कुठून कुठून पोरं यायची. फिटर, वेल्डर, कॉन्ट्रॅक्टवरचे. आमच्या घराची पुढची खोली अशाच तिघांना भाड्याने दिली होती. एक कोल्हापूरचा, एक लातूरचा आणि तिसरा कुठला ते मला आता आठवत नाही, कारण आम्ही सगळे त्याला परशाच म्हणायचो. तो दिसायचाच तसा!

१९९३ची गोष्ट असेल. बाबा एसटीत कंडक्टर, त्या रात्री ड्युटीवर. जुलैचा धो धो पाऊस. तिघांनी वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणला होता. सोबत तीन कॅसेट. त्यातली एक ‘अशी ही बनवाबनवी’. सिनेमा १९८८चा, पण आमच्याकडे तो पाच वर्षं उशिरा पोचला. एसटीनेच आला असणार.

आई, आजी, मी, ते तिघं आणि शेजारची चार पोरं. लक्ष्मीकांत बेर्डे साडी नेसून आला आणि आजी जी हसायला लागली ती थांबेचना. आणि पार्वतीबाईंचं डोहाळजेवण ऐन रंगात आलेलं असताना लाइट गेली.

अंधारात आम्ही वाट बघत बसलो. लाइट काही आली नाही. पाणी आलं.

अंबेचं पाणी तसं आम्हाला नवीन नाही. नदी फुगली, त्यात खाडीला भरती असली की ते आधी एसटी स्टँडात शिरतं, मग बाजारपेठेत, मग घरात. पण त्या रात्री बाबा नव्हते. आई कंदील शोधतेय तोवर पाणी उंबऱ्याशी. ते तिघं उठले. कोल्हापूरवाल्याने आजीला पाठुंगळी घेतलं, लातूरवाल्याने तांदळाचा डबा, आणि परशाने डोक्यावर टीव्ही आणि टीव्हीवर व्हीसीआर. (व्हीसीआरचं डिपॉझिट भरलेलं होतं हो!) शेजारच्यांच्या माडीवर आम्ही रात्र काढली. सकाळी पाणी उतरलं, घरभर चिखल, आणि व्हीसीआर कोरडा ठणठणीत.

म्हणजे बघा, मी ‘बनवाबनवी’ पहिल्यांदा पाहिला तो अर्धाच. पण नऊ वर्षांच्या मला सिनेमाचा फंडा बरोबर कळला होता. धनंजय माने, परशा, सुधीर, शंतनू हे आपले. घरमालक लोक वाईट. बिचाऱ्यांना राहायला जागा देत नाहीत.

आपण स्वतः घरमालक आहोत हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

कट टू २००७. मी इंजिनीअर होऊन मुंबईत. पहिली नोकरी, पहिला पगार आणि राहायला जागा नाही. ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत ब्रोकर पालथे घातले. सगळीकडे एकच पाटी, ‘ओन्ली फॅमिली’. आम्ही तिघं मित्र. तिघांना नोकऱ्या, तिघं निर्व्यसनी (एक जवळजवळ), तिघांच्या आया रोज फोन करून ‘जेवलास का’ विचारणाऱ्या. पण आमच्यात बाई नव्हती. बास, विषय संपला.

तेव्हा मी ‘बनवाबनवी’ दुसऱ्यांदा पाहिला. फुटपाथवरून घेतलेल्या व्हीसीडीवर, मित्राच्या कॉम्प्युटरवर, एका कॉटवर तिघं बसून. आणि यावेळी तो मला कॉमेडी वाटलाच नाही, डॉक्युमेंटरी वाटली! सुधीर जोशींचे विश्वास सरपोतदार पडद्यावर आले की आम्ही उशा फेकून मारायचो. त्यांचे ते सत्तर रुपये बुडाले तेव्हा आम्हाला झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

आणि मग आम्ही तेच केलं जे त्या सिनेमाने शिकवलं होतं.

नाही, कोणी साडी नेसलं नाही. (चर्चा झाली होती, पण उंची आडवी आली.) आम्ही त्यापेक्षा सोपी युक्ती केली. ठाण्यात एका आजींची दोन खोल्यांची जागा होती. त्यांना सांगितलं, ‘माझं लग्न झालंय. मिसेस सध्या माहेरी आहे, पुढच्या महिन्यात येईल. हे दोघं माझे मावसभाऊ.’ आजींनी चष्म्यातून माझ्याकडे बघितलं आणि किल्ली दिली.

मिसेस पुढच्या महिन्यात आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तीन महिने झाल्यावर आजी विचारायला लागल्या. मग आमच्यातल्या एका हुशार माणसाने आयडिया काढली, मिसेसला दिवस गेलेत, डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हणून सांगितलंय. सॉलिड! निदान सहा महिन्यांची निश्चिंती.

चार दिवसांनी आजींनी मला हाक मारली. हातात स्टीलचा डबा. डिंकाचे लाडू. ‘बाळंतपणानंतर द्यायचे असतात, पण मी आत्ताच करून बघितले. चव बघ आणि जमले असतील तर तिला कळव, तेव्हा पुन्हा करून देईन.’ आणि त्यावर घडी करून ठेवलेली एक कुंची. हाताने शिवलेली, पिवळी.

लाडू आम्ही तिघांनी दोन दिवसांत संपवले. भन्नाट होते. कुंची मी बॅगेच्या तळाशी ठेवली. महिन्याभरात ऑफिसजवळ दुसरी जागा मिळाली तसे आम्ही निघालो. निघताना आजींनी विचारलं, ‘मुलगा झाला की मुलगी, कळवशील ना?’ मी ‘हो’ म्हटलं.

त्यानंतर ‘बनवाबनवी’ मी कितीदा पाहिला असेल, मोजलेलं नाही. पण त्या डोहाळजेवणाच्या सीनला मला पूर्वीसारखं हसू येत नाही. तुम्ही कधी त्या सीनमध्ये लक्ष्मीकांत बेर्डे सोडून दुसऱ्या कोणाकडे बघितलंय? नयनताराबाईंकडे बघा. लीलाबाई काळभोर. एवढं मोठं घर, पैसा आणि एकटी म्हातारी बाई. तिला भाड्याची पडलेलीच नाहीये. तिला जोडपी हवीत कारण तिला घरात माणसं हवीत. सगळं थिएटर खोट्या पोटाला हसत असतं आणि ही बाई मात्र खरं डोहाळजेवण करत असते. सगळ्या सीनमध्ये खरी अशी ती एकटीच.

आता माझं उत्तर सांगतो. पुन्हा पुन्हा बघण्यासारखा सिनेमा कोणता? ज्यात बसायला एकापेक्षा जास्त खुर्च्या असतात. पहिल्यांदा आपण हिरोच्या खुर्चीत बसतो. दहा वर्षांनी तोच सिनेमा लावतो आणि आपल्या नकळत दुसरीकडेच जाऊन बसलेले असतो. ज्या सिनेमात एकच खुर्ची असते तो एकदा बघून सोडून द्यावा. पॉपकॉर्न वसूल, विषय कट.

‘बनवाबनवी’चंच बघा ना. याचं मूळ सापडतं हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’मध्ये, म्हणजे १९६६ साली, आणि त्याच्याही मागे १९५५चा बंगाली ‘जय माँ काली बोर्डिंग’. कोलकात्याचा प्रॉब्लेम मुंबईला आला, मुंबईचा पुण्याला. सचिन पिळगावकरांचं दिग्दर्शन आणि वसंत सबनीसांच्या लेखणीने तो असा काही मराठी करून टाकला की मूळ कोणाला आठवतही नाही. पण शहर कुठलंही असो, एकटा पोरगा जागा शोधतोय आणि कोणीतरी दार लावून घेतंय, हे तसंच आहे. म्हणून तर तो जुना होत नाही.

दुसरं उदाहरण. शुक्रवारी संध्याकाळी मी पनवेलहून नागोठण्याची एसटी पकडतो. पळस्पे सोडलं की थोड्या वेळाने कर्नाळ्याचा अंगठा दिसायला लागतो. त्या सुळक्यावर मधमाश्यांची पोळी असतात. याच डोंगराच्या पायथ्याच्या ठाकरांची गोष्ट गोनीदांनी ‘जैत रे जैत’ कादंबरीत लिहिली आणि जब्बार पटेलांनी १९७७ मध्ये तिचा सिनेमा केला. डॉ. मोहन आगाशे नाग्या, स्मिता पाटील चिंधी, महानोरांची गाणी, हृदयनाथांचं संगीत. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी नवीन नवीन कॉर्पोरेटमध्ये. मला नाग्या म्हणजे एकदम आयडॉल! टार्गेट ठरवलं, डोंगर चढला, माश्यांचा सूड घेतला, जैत. अप्रेझलला लावावं असं मटेरियल. गेल्या वर्षी परत पाहिला. यावेळी नजर चिंधीवरून हलेना. नाग्या जिंकतो आणि त्याच जिंकण्यात ती जाते. हल्ली शुक्रवारी आठला ऑफिसात बसून मी मेल लिहीत असलो आणि घरून दुसऱ्यांदा फोन आला, की मला तो सुळका दिसतो. उठतोच असं नाही. पण दिसतो.

‘डोंबिवली फास्ट’, २००५. निशिकांत कामतचा माधव आपटे आणि संदीप कुलकर्णीची ती बॅट. कॉलेजात असताना आम्ही शिट्ट्या मारल्या होत्या. आता लग्नानंतर बघितला तर माझं सगळं लक्ष शिल्पा तुळसकरने केलेल्या त्याच्या बायकोकडे. नवरा सगळं गाव सुधारायला निघालाय आणि हिला महिन्याचा हिशोब जुळवायचाय. तिच्या खुर्चीतून तो सिनेमा बघा. शिट्टी वाजत नाही.

आणि ‘श्वास’. २००४. संदीप सावंतचा पहिला सिनेमा. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं ते याला. तेव्हा मी त्या छोट्या परशासाठी रडलो होतो. कोकणातून आजोबा नातवाला शहरातल्या हॉस्पिटलात घेऊन येतात. जीव वाचवायचा तर त्याचे डोळे जाणार, आणि ते त्याला आधी सांगायला हवं, असा डॉक्टरांचा आग्रह. चार वर्षांपूर्वी मी बाबांना नागोठण्याहून मुंबईला हॉस्पिटलमध्ये आणलं. कॉरिडॉरमध्ये डॉक्टरांनी मला काय ते सांगितलं, फॉर्मवर सही घेतली. मी आत गेलो. बाबा म्हणाले, ‘काय म्हणाला रे डॉक्टर?’ मी म्हटलं, ‘काही नाही, गॅसेस आहेत.’ बाबा हो म्हणाले. आयुष्यभर एसटीत लोकांच्या चेहऱ्यावरून कोणाकडे तिकीट नाही ते ओळखलेला माणूस तो. त्यानंतर ‘श्वास’ बघायला मला दोन वर्षं लागली. बघितला तेव्हा अरुण नलावडेंच्या खुर्चीत बसून बघितला. सांगायचं असतं, आणि तोंड उघडत नाही.

तर नागोठणे. बाबा गेल्यावर आई एकटी. ‘ठाण्याला ये’ म्हटलं तर ‘दोन दिवस ठीक आहे’ म्हणते. पुढची खोली बरीच वर्षं रिकामी होती, ती भाड्याने द्यायची असं तिने ठरवलं. मी फोनवर स्पष्ट सांगितलं, ‘आई, फॅमिलीलाच दे. बॅचलर पोरं नकोत. दिवस कसले आहेत!’

फोन ठेवला आणि माझ्याच कानात विश्वास सरपोतदार बोलल्यासारखे वाटले.

पण वाटलं तरी मत बदललं नाही. आईचा प्रश्न असला की माणूस तत्त्वं बाजूला ठेवतो. गेल्या वर्षी गणपतीनंतरच्या शनिवारी मी गावी होतो. टीव्हीवर कुठल्याशा चॅनलवर ‘बनवाबनवी’ चालू. (कुठल्या ना कुठल्या चॅनलवर तो चालू असतोच.) आई लसूण सोलत बघत होती. ऐन डोहाळजेवणाला दारात तीन पोरं. कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर, पाठीला सॅक, बुटांना चिखल. ‘काकू, खोली आहे असं कळलं.’

मी पुढे झालो. म्हटलं, ‘फॅमिलीला द्यायचीय.’

तिघांतला जरा चलाख होता तो म्हणाला, ‘माझं लग्न झालंय दादा. मिसेस माहेरी आहे. दिवाळीनंतर येणार. हे दोघं मावसभाऊ.’

मावसभाऊ! शब्दसुद्धा तोच. मी त्याच्याकडे बघत राहिलो. तो एक सेकंद बुटांकडे बघत होता. त्या एका सेकंदात मला ठाण्यातला तो जिना दिसला, स्टीलचा डबा दिसला. आजींनी चष्म्यातून माझ्याकडे बघितलं होतं तेव्हा त्यांना काय दिसलं असेल, हेही दिसलं.

मी काही बोलायच्या आत आई मागून आली. ‘मिसेस येईल तेव्हा येईल. मला एक सांगा, पाणी आलं तर टीव्ही उचलता येतो का?’

पोरं बावचळली. ‘येतो की,’ चलाख म्हणाला.

‘मग सामान कधी आणताय?’

त्या रात्री मी आईला आजींची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. लाडू, कुंची, सगळं. माझ्या मुलीच्या बारशाला तिने तीच पिवळी कुंची घातली होती. बायकोने विचारलं तेव्हा मी ‘ठाण्याच्या आजींनी दिली’ एवढंच म्हटलं होतं, आणि ते खरंच होतं. मुलगी झाली हे कळवायला त्या बिल्डिंगपाशी गेलो होतो मी. तिथे पत्रे लागले होते, आत नवा टॉवर उभा राहत होता. कोण कुठे गेलं, वॉचमनला माहीत नव्हतं.

आईने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, ‘लाडू वाया नाही ना घालवलेस? मग झालं.’ आणि दिवा बंद केला.

थंडीत आईचा फोन आला. पोरांनी मागच्या अंगणात पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी. पाला हिनेच दाखवला. ‘सगळं गाव गोळा केलंन पोरांनी,’ असं तक्रारीच्या सुरात सांगत होती, पण आवाज बाबा असतानाचा होता. मग म्हणाली, ‘डिंकाचे लाडू केलेत. अर्धे तुझ्याकडे पाठवते, अर्धे पोरांना.’

मला राहवेना. म्हटलं, ‘आई, एक सांगू? त्या पोराला मिसेस-बिसेस काही नाहीये गं.’

‘माहितेय मला,’ आई म्हणाली. ‘बनवाबनवी काय तू एकट्यानेच बघितलीयस?’